पिवळा दिवा काय सांगतो?

चावी फिरवली की गाडीच्या डॅशबोर्डवर क्षणभर दिवाळी होते. लाल, पिवळे, हिरवे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की एकेक विझत जातात. ही शोभा नव्हे, हजेरी आहे. आपले सगळे दिवे शाबूत आहेत, हे गाडी तुम्हाला दाखवते. या हजेरीत एक पिवळं चित्र असतं. कुणाला ते तोटी लावलेल्या पातेल्यासारखं दिसतं, कुणाला पाणबुडीसारखं. ते असतं इंजिन, आणि लोक त्या दिव्याला ‘चेक इंजिन’ म्हणतात. हा दिवा विझलाच नाही, किंवा चालता चालता अचानक लागला, तर काय करायचं, याविषयी आज बोलायचं आहे.

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं. यंत्राविषयी बोलायचा तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार नाही, सहवास आहे. आमच्या नात्यात मास्तर कमी आणि मिस्त्री जास्त. साताऱ्यात आणि सांगली-मिरजेत मिळून मामू, मेहुणे, भाचे असे पाचसहा जण तरी गॅरेजात किंवा स्टेअरिंगमागे आहेत. लग्नाच्या दावतीतही त्यांची बोलणी प्लग आणि पिकअपचीच. ऐकून ऐकून जे कळलं आणि पुढं कुतूहलानं जे वाचलं, ते सांगतो.

या दिव्याशी वागण्याच्या दोन तऱ्हा मी पाहिल्या आहेत. काहीजण तो दिसताच भर रस्त्यात गाडी सोडून टोचन लावायला माणूस शोधत फिरतात. दुसरे त्याच्याकडं ढुंकून बघत नाहीत. वडापच्या एका गाडीत तर त्या दिव्यावर चक्क टिकली चिकटवलेली होती. ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, “रात्री डोळ्यांवर येतो.” दोन्ही तऱ्हा सारख्याच महागात पडतात.

पहिली गोष्ट बघायची ती रंग. रस्त्यावरच्या सिग्नलचाच नियम इथं आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे जपून. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा बहुतेकांना अल्लादिनच्या चिरागासारखा दिसतो. तो इंजिन चालू असताना लागला, तर ऑइलचा दाब पडलेला आहे. तशीच गाडी रेटली तर चिराग नव्हे, इंजिन घासलं जातं. पाण्याच्या तापमानाचा लाल दिवाही तसाच. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं. या दोन दिव्यांपुढं वाद नाही. गावात पोचायला दोनच किलोमीटर उरले असले तरी नाही.

चेक इंजिनचा दिवा मात्र पिवळा असतो. त्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न विचारायचा: तो स्थिर आहे की लुकलुकतोय? हा फरक फार थोड्या लोकांना ठाऊक असतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात चार ठिणग्या ठरल्या क्रमानं पडत असतात. एखादी पडली नाही, तर तो दट्ट्या फुकट खाली-वर होतो. याला मिस्त्री लोक ‘मिसिंग’ म्हणतात. कवीला ही गोष्ट चटकन कळते. ही मात्रा पडलेली ओळ आहे. अर्थ तोच असतो, पण वाचताना पाय अडखळतो. गाडीला कान नाहीत. मात्र इंजिनाचा जो मुख्य दांडा फिरतो त्याच्यापाशी एक सेन्सर असतो. ठिणगी चुकली की दांड्याचा वेग त्या क्षणी किंचित मंदावतो, आणि ते त्याला कळतं. कुठल्या सिलिंडरची पाळी होती, हेही कळतं.

अशा वेळी न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरच्या नळीत जातं. नळीत वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाची एक डबी असते. मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं असलेली चिनी मातीची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. विषारी धूर या घरांतून जाताना त्याचं बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. पण कच्चं पेट्रोल तिथं पोचलं की ते तिथंच पेटतं, डबी लाल होते आणि आतली वीट वितळते. म्हणून मिसिंग जोराचं असलं की दिवा लुकलुकतो. त्याचा अर्थ, ‘आत्ता, या क्षणी नुकसान चालू आहे.’ ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढायचा, चढ असेल तर चढायचा हट्ट सोडायचा, आणि सोयीची जागा बघून थांबायचं. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. फुलांच्या मोसमात तिथं गाड्यांची रांग असते, मागचा हॉर्न मारत असतो, आणि नेमक्या अशाच चढावर इंजिनाचा ताण वाढून मिसिंग उघडं पडतं. मागच्याचा हॉर्न ऐकायचा नाही. आणखी एक: थांबलेली गाडी वाळल्या गवतावर उभी करायची नाही. ती डबी गाडीच्या पोटाखाली असते आणि गवत पेटवण्याइतकी तापलेली असते.

स्थिर पिवळा दिवा एवढा निकडीचा नसतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत गाडी एकदा चुकलं म्हणून लगेच दिवा लावत नाही. एका फेरीत दिसलं तर मनात ठेवते; पुढच्या फेरीतही तेच दिसलं की मग लावते. दोष परत दिसला नाही, तर सलग तीनेक फेऱ्यांनंतर तो आपोआप विझतो. म्हणजे स्थिर दिवा ही गाडीनं विचार करून केलेली तक्रार असते. आवाज, पिकअप, पाण्याचा काटा, सगळं नेहमीसारखं असेल तर बेतानं चालवत मुक्कामी पोचावं आणि दोनचार दिवसांत गाडी दाखवावी. दोनचार दिवसांत, दोनचार महिन्यांत नव्हे.

आता हा दिवा मुळात कुणासाठी आहे? आपल्याला वाटतं, मालकासाठी. तसा तो नाही. तो रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांसाठी आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर १९४०च्या दशकात डोळे चुरचुरवणारं धुकं उतरू लागलं. ते धुकं मुख्यतः मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं. पुढं कॅलिफोर्निया राज्यानं १९८८च्या मॉडेलपासून नियम केला, की गाडीनं आपल्या धुराची यंत्रणा स्वतः तपासावी आणि बिघाड झाला तर दिवा लावून सांगावं. १९९६पासून सगळ्या अमेरिकेतल्या नव्या मोटारींसाठी त्याची एकच पद्धत ठरली; युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१पासून लागू झाली.

आपल्याकडं डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनं २००२मध्ये इंधन आणि धूर यांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला. भारत स्टेज हे शब्द त्यानंतर घरोघरी आले. एप्रिल २०१०मध्ये ज्या तेरा शहरांत भारत स्टेज चार आधी लागू झालं, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्या टप्प्याच्या चारचाकींना स्वतःची तपासणी करणारी ही यंत्रणा सक्तीची झाली आणि २०१३पासून तिचं अधिक कडक रूप आलं. १ एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज सहा आलं, तेव्हा मोटरसायकली आणि स्कूटरवरही हा पिवळा दिवा आला. त्यामुळे ‘आमच्याकडं कुठं मोटार आहे?’ असं आता म्हणता येत नाही. दूध घालायला जाणाऱ्याच्या दुचाकीवरही तो आहे.

त्याआधी हे सगळं माणसाच्या कानावर चालायचं. साताऱ्यातच १९७०च्या दशकात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना निघाला आणि तिथून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. प्रियाला असला दिवा नव्हता. मालकच ती आडवी करायचा, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. मिस्त्री एक पाय किकवर ठेवून डोळे मिटून ऐकायचा. मिरजेत सतारमेकर मंडळी तंबोऱ्याची जवारी काढतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. या घराण्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार. हत्याराचा हात वाद्याकडं वळला आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर तो कान मोठाच. पण धुरात कार्बन मोनॉक्साइड किती आहे, हे कुठल्याच कानाला ऐकू येत नाही. त्यासाठी सेन्सर लागतो. मात्र सेन्सर आले म्हणून कान बाद झाला, असं ज्या मिस्त्रीला वाटतं त्याच्याकडं मी माझी गाडी देत नाही.

याचं कारण त्या कोडमध्ये आहे. स्टेअरिंगखाली, गुडघ्यापाशी, सोळा टोचण्यांचं एक सॉकेट असतं. स्कॅनर तिथं लावला की पडद्यावर एक अक्षर आणि पुढं सहसा चार आकडे उमटतात. समजा, ‘पी ०३०२’. पी म्हणजे इंजिन-गिअरकडची बाब. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान. तीन म्हणजे ठिणगीचा विभाग. शेवटचे दोन आकडे म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. हा झाला पत्ता. पण ठिणगी का पडली नाही? प्लग गेला असेल, कॉइल गेली असेल, इंजेक्टर चोंदला असेल, वायर तुटली असेल, किंवा वाल्वमधून दाबच निसटत असेल. कोड म्हणजे फिर्याद. आरोपी कोण, हे तपास करून ठरवायचं असतं.

गल्लत इथंच होते. स्कॅनर हल्ली स्वस्त झालेत. मोबाइलला जोडायचे छोटे अडॅप्टरही मिळतात. कोडमध्ये ज्याचं नाव निघालं तो भाग बदलून मोकळं व्हायचं, अशी एक पद्धत पडली आहे. ‘पी ०४२०’ आला की ‘कन्व्हर्टर गेला, नवा टाका’ असं ऐकवतात. कन्व्हर्टर हा फार महाग भाग. पण तो कोड नळीला बारीक भोक पडल्यामुळे येऊ शकतो, मागचा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाल्यामुळेही येऊ शकतो. दुरुस्तीला गाडी दिली की मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा: कोड काय आला, तो लिहून द्या, दोष दिसला त्या क्षणाची नोंद गाडीनं ठेवलेली असते, तिच्यात वेग आणि तापमान किती होतं, आणि हाच भाग खराब आहे हे तुम्ही कसं तपासलंत. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. उलट खूश होतो.

एका पावसाळी रात्रीची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आपा म्हणतो, दम लागत होता आणि साताऱ्याहून मिरजेला दवाखान्यात न्यायचं होतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही पेशंट येतात. गाडी भाचा चालवत होता, मी मागं आपाला धरून बसलो होतो. कऱ्हाड गेलं, कासेगाव जवळ आलं, आणि पिवळा दिवा लागला. भाच्याचे हात थरथरू लागले. आईचा श्वास एकीकडं आणि हा दिवा एकीकडं. रस्त्याकडेला थांबून त्यानं मिरजेच्या मिस्त्रीमामूंना फोन लावला. मामूंनी चारच प्रश्न विचारले. लाल का पिवळा? पिवळा. लुकलुकतो का? नाही. काटा कुठं? निम्म्याच्या खाली. पिकअप? आहे. “मग बाळा, दिव्याकडं नको, रस्त्याकडं बघ. साठाच्या वर जाऊ नको आणि मधे दिवा लुकलुकला तर लगेच फोन कर, मी गाडी घेऊन निघतो.” पेठनाका, आष्टा, सांगली करत आम्ही पोचलो आणि आपाला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं. मामूंनी सेन्सरला हात न लावता आधी वायर शोधत नेली. ती उंदरानं कुरतडली होती. गाडी उसाच्या फडाशेजारी उभी असायची. वायर जोडून वर नळी चढवली, काम झालं. नवा सेन्सर घातला असता तरी दिवा तसाच राहिला असता.

उंदीर हा आपल्या भागातल्या या दिव्याचा फार जुना मित्र आहे. उसाची तोड झाली की फडातले उंदीर ऊबेला बोनेटखाली येतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघायला काही लागत नाही.

उसाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो नवा आहे. आपल्या साखर कारखान्यांत बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात. देशात १० टक्क्यांचा टप्पा २०२२मध्ये गाठला गेला आणि २०२५पर्यंत २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल सर्रास झालं. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. त्यामुळे मिश्रणात हवा जास्त झाल्याचं ऑक्सिजन सेन्सरला दिसतं आणि गाडीचा कॉम्प्युटर थोडं जास्त पेट्रोल सोडून तोल सांभाळतो. ही सांभाळायची ताकद मर्यादित असते. ज्या जुन्या गाडीत फिल्टर चोंदलेला आहे किंवा पंप दमलेला आहे, तिची ताकद आधीच संपत आलेली असते. वर हे नवं पेट्रोल पडलं की ‘मिश्रण पातळ’ असा कोड येऊ शकतो. दोष उसाचा म्हणायचा की फिल्टरचा? माझ्या मते आधी फिल्टर बघावा. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात दोनदोन महिने न हलणाऱ्या गाडीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नये.

डिझेलवाल्यांचं दुखणं निराळं. २०२०नंतरच्या डिझेल मोटारींत काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. रोज विश्रामबागहून गणपती पेठेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा धूर एवढा तापतच नाही. फिल्टरचा वेगळा दिवा लागतो, तो दुर्लक्षिला की मग चेक इंजिन लागतं आणि गाडी लंगडायला लागते. अशा गाडीला अधूनमधून हायवेवर अर्धा तास मोकळं पळवावं.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल, असा एक सल्ला सगळीकडं फिरत असतो. तो अमेरिकेतला आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हेही तपासतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत झाकणाचा आणि दिव्याचा संबंध नसतो. तरी झाकण लावून बघायला पैसे पडत नाहीत.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा, ही मात्र वाईट सवय आहे. वायर काढली की कोड पुसला जातो आणि त्याबरोबर ती त्या क्षणाची नोंदही जाते. फिर्याद फाडली म्हणून चोरी मिटत नाही.

हे पुसणं सगळ्यात जास्त चालतं ते जुन्या गाड्यांच्या बाजारात, आणि सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ अशा तीन मोठ्या पुरांत कृष्णा शहरात शिरली. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. कितीतरी गाड्या दारातच बुडाल्या. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून बघायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते हवेसारखं दबत नाही, दट्ट्याचा दांडाच वाकतो. ज्यांनी धीर धरून आधी गाडी उघडली, त्यांची इंजिनं वाचली. पण वायरींच्या जोडांत शिरलेला गाळ सहा महिन्यांनी, वर्षानं हिरवा गंज होऊन वर येतो आणि दिवा लागायला लागतो, कधी लागतो कधी जातो. मग अशी गाडी धुऊनपुसून लांबच्या गावी विकली जाते.

म्हणून जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सीटकव्हर नंतर बघा. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा आणि ते पिवळं चित्र उजळतंय का बघा. उजळलंच नाही, तर दिवा कुणीतरी मारून ठेवलेला आहे. तिथूनच सलाम करून परत फिरा. उजळला आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला, तर ठीक. मग आपला मिस्त्री, आपला स्कॅनर लावा. स्कॅनरवर कोड एकही नाही आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही ‘अपूर्ण’ दिसताहेत, असं निघालं तर समजा, कालपरवाच कुणीतरी पाटी पुसली आहे. मालकाला सांगा, मी दोनतीन दिवस ही चालवून बघतो, मग बोलू. सीट पुढं सरकवून खालच्या पट्टीवर बोट फिरवा. बोटाला बारीक कोरडा गाळ लागला, तर ती गाडी पुरात उभी होती.